पीडीएफच्या पानाचे सुस्पष्ट चित्र : लग्नपत्रिकेपासून सातबाऱ्यापर्यंत

लग्नसराई सुरू झाली की जळगाव, भुसावळ, धुळे, नंदुरबार अशा गावांतील छापखान्यांतून पत्रिकेची पीडीएफ यजमानांच्या मोबाइलवर येते आणि लगेच पुढची मागणी होते : "याचा फोटो करून द्या, ग्रुपवर टाकायचा आहे." हीच मागणी शेतकरी सातबाऱ्यासाठी करतो, विद्यार्थी गुणपत्रिकेसाठी करतो आणि एखादे मंडळ कार्यक्रमपत्रिकेसाठी करते. बहुतेक ठिकाणी हे काम पीडीएफ उघडून पडद्याचा स्क्रीनशॉट काढण्यावर भागवले जाते. मग "चि. सौ. कां." मधला अनुस्वार दिसत नाही, विवाहस्थळाचा पत्ता मोठा केला की धूसर होतो, आणि दोष मात्र मोबाइलला दिला जातो.

चित्राचा दर्जा ठरतो तो पान चित्रात उतरते त्या वेळी. त्या वेळी जेवढे पिक्सेल, म्हणजे चित्र बनवणारे रंगाचे बारीक ठिपके, हाती आले, तेवढाच तपशील. नंतर चित्र दुप्पट मोठे केले तर पिक्सेलची संख्या वाढते, पण अक्षराची हरवलेली कड परत येत नाही. म्हणून रूपांतराचे बटण दाबण्यापूर्वी मूळ पान कशाचे बनले आहे, चित्र कुठे वापरायचे आहे आणि ते कोणत्या प्रकारच्या फाइलमध्ये ठेवायचे आहे, हे ठरवून घ्यावे.

आधी पानाची ओळख

पीडीएफ हा प्रकार अडोबी कंपनीने १९९३ मध्ये आणला आणि २००८ मध्ये त्याला आयएसओचे मानक म्हणून मान्यता मिळाली. या फाइलच्या पोटात दोन निरनिराळ्या जातींचा मजकूर राहू शकतो. वर्ड, कोरलड्रॉ किंवा पेजमेकरमधून थेट तयार केलेल्या पीडीएफमध्ये अक्षरे ही रेषांच्या गणिती वर्णनाने साठवलेली असतात आणि त्यामुळे ती कितीही मोठी केली तरी कड गुळगुळीत राहते. याउलट झेरॉक्सच्या दुकानात स्कॅन करून बनवलेली पीडीएफ म्हणजे पाकिटात घातलेला फोटो असतो. त्यातील पिक्सेल स्कॅनरने एकदाच मोजून दिलेले असतात.

ओळखण्याची सोपी रीत अशी की पीडीएफ उघडून ८०० टक्क्यांपर्यंत मोठी करावी आणि एखाद्या "श्री"च्या वळणाकडे पाहावे. कड धारदार राहिली तर अक्षर रेषांचे आहे. पायऱ्या किंवा धुके दिसले तर ते स्कॅन आहे. मजकूर माउसने निवडता येतो का, ही खूण पुष्कळ जण वापरतात, पण तिच्यावर विसंबू नये, कारण काही स्कॅनवर ओळखलेल्या मजकुराचा अदृश्य थर चढवलेला असतो आणि तो फोटो असूनही निवडला जातो. मिश्र पानेही असतात. पत्रिकेत गणपतीचे चित्र पिक्सेलचे आणि मजकूर रेषांचा, हे तर नेहमीचेच.

मूळ फाइल वर्डची असेल तर आधी तिची पीडीएफ करावी आणि तीही ज्या संगणकावर ती फाइल टाइप झाली त्याच संगणकावर. फाइलमध्ये छायाचित्रे असतील तर वर्डच्या ऑप्शन्समधील ॲडव्हान्स्ड विभागात जाऊन फाइलमधील चित्रे दाबू (कॉम्प्रेस करू) नयेत असा पर्याय निवडावा. अन्यथा जतन करताना वर्ड ती साधारण २२० पीपीआयपर्यंत (इंचाला २२० पिक्सेल) खाली आणू शकते आणि पुढे आपण कितीही काळजी घेतली तरी तो तोटा भरून निघत नाही.

किती डीपीआय घ्यावे

डीपीआय हा आकडा एका इंचात किती ठिपके घ्यायचे ते सांगतो. ए-फोर पानाचा आकार २१० बाय २९७ मिलिमीटर. पीडीएफ आपली मापे पॉइंटमध्ये मोजते, एक पॉइंट म्हणजे इंचाचा ७२ वा भाग, आणि त्या हिशेबाने हे पान ५९५ बाय ८४२ पॉइंटचे होते. म्हणजे ७२ डीपीआयने चित्र काढले तर ते ५९५ बाय ८४२ पिक्सेलचे मिळेल, १५० ने १२४० बाय १७५४, ३०० ने २४८० बाय ३५०८ आणि ६०० ने ४९६० बाय ७०१६.

या आकड्यांचा अर्थ देवनागरीत काय होतो, तो एका अक्षरावर पाहू. पत्रिकेतील प्रेषकांची नावे अनेकदा १० पॉइंटमध्ये लावलेली असतात. ७२ डीपीआयवर अशा अक्षराच्या वाट्याला उंचीत सुमारे १० पिक्सेल येतात. त्यातच शिरोरेषा, वरची मात्रा आणि खालचा उकार बसवायचा असतो. अनुस्वाराचा ठिपका साधारण एक पॉइंटचा धरला तर त्याला एकच पिक्सेल मिळतो, तोही शेजारच्या रंगात मिसळून करडा होतो. "सर्वांना" या शब्दातील "र्वां"वर काना, रफार आणि अनुस्वार एकाच जागी दाटी करतात. ७२ वर तिथे नुसता डाग दिसतो. ३०० वर तोच ठिपका चार पिक्सेल रुंद होतो, अक्षराला एकेचाळीस-बेचाळीस पिक्सेल मिळतात आणि रफार अनुस्वारापासून सुटा दिसतो. रोमन लिपीत १५० डीपीआयवर जे पान निभावून जाते, ते मराठीत निभावत नाही, याचे कारण हे वरचे आणि खालचे मजले.

माझ्या मते मराठी मजकुराच्या पानासाठी ३०० हाच पाया धरावा. फक्त मोबाइलवर पाहायच्या मोठ्या अक्षरांच्या सूचनेला १५० पुरते. जुने हस्तलिखित, नकाशा, बारीक आकड्यांचा तक्ता यांसाठी ४०० ते ६०० घ्यावे. यापलीकडे गेल्याने फाइल फुगते आणि डोळ्याला फरक कळत नाही.

फ्लेक्सचा हिशेब मात्र उलटा करावा लागतो. सहा फूट उंचीचा फलक म्हणजे ७२ इंच. लांबून पाहण्याच्या फलकाला इंचाला ७२ ठिपके चालतात, म्हणजे उंचीत ५१८४ पिक्सेल हवेत. मूळ पान ए-फोर उभे असेल तर त्याची उंची ११.६९ इंच आहे, तेव्हा ४५० डीपीआयने चित्र काढले की काम भागते. अर्थात अक्षरे रेषांची असतील तर फ्लेक्सवाल्याला चित्राऐवजी मूळ पीडीएफच द्यावी हे उत्तम.

एक गैरसमज इथेच दूर करावा. तयार चित्राच्या गुणधर्मात ७२ चा आकडा खोडून ३०० लिहिल्याने काहीही बदलत नाही. बदलते ती फक्त चिठ्ठी. पिक्सेल तेवढेच राहतात.

फाइलचा प्रकार

जेपेग हा प्रकार छायाचित्रांसाठी घडवला गेला. तो चित्राचे आठ बाय आठ पिक्सेलचे चौकोन पाडतो आणि प्रत्येक चौकोनातील बारीक फरक टाकून देऊन जागा वाचवतो. आकाश, चेहरा, केळीची बाग अशा सौम्य रंगबदलांत ते खपून जाते, पण पांढऱ्यावर काळ्या अक्षराची कड म्हणजे एकदम तुटणारा फरक असतो आणि तिथे कडेभोवती मळकट ठिपके उठतात. पीएनजी काहीच टाकून देत नाही, म्हणून मजकुराच्या पानासाठी पीएनजी घ्यावा. टिफ हाही तसाच सांभाळून ठेवतो. शिवाय एका फाइलमध्ये अनेक पाने राहू शकतात, पण मोबाइलवर तो सहज उघडत नाही. संग्रहासाठी टिफ ठीक, वाटपासाठी नाही.

३०० डीपीआयचे रंगीत ए-फोर पान न दाबता साठवले तर सुमारे २६ एमबी होते, करड्या छटांत पावणेनऊ एमबीच्या आसपास आणि निव्वळ काळ्या-पांढऱ्यात एक एमबीहून थोडे अधिक. पान काळ्या शाईचे असताना रंगीत चित्र काढणे हा निव्वळ अपव्यय आहे.

प्रत्यक्ष रूपांतर

ज्यांच्याकडे ॲक्रोबॅटची विकतची आवृत्ती आहे, त्यांनी फाइल एक्स्पोर्ट करताना इमेज हा पर्याय घ्यावा, पीएनजी निवडावे आणि शेजारच्या सेटिंगमध्ये जाऊन रिझोल्युशन ३०० करावे. ही सेटिंग न उघडता पुढे जाणे हीच सर्वाधिक आढळणारी चूक आहे. मोफत मिळणाऱ्या रीडरमध्ये ही सोय नाही. त्यातील स्नॅपशॉटचे साधन निवडलेला भाग टिपून देते खरे, पण पूर्ण पाने फाइल म्हणून काढण्यासाठी ते उपयोगाचे नाही.

दोन-चार पानांसाठी मोफत मिळणारा गिम्प हा प्रोग्रॅम पुरेसा आहे. त्यात पीडीएफ उघडू लागताच एक खिडकी येते. तिथे हवी ती पाने निवडावीत, ती थर म्हणून नव्हे तर स्वतंत्र इमेज म्हणून उघडावीत, रिझोल्युशनच्या चौकटीत ३०० लिहावे, एकक "पिक्सेल प्रति इंच" आहे ना ते पाहावे आणि कड मऊ करणारा अँटी-एलिआसिंगचा पर्याय चालू ठेवावा. पान उघडल्यावर फाइल मेनूतील एक्स्पोर्ट ॲजने पीएनजी करावे. नुसते सेव्ह केल्यास गिम्पची स्वतःची फाइल तयार होते आणि ती समोरच्याकडे उघडत नाही.

शंभर-दोनशे पानांची स्मरणिका किंवा गावाचा इतिहास असेल तर हाताने एकेक पान काढण्यात अर्थ नाही. पॉपलर या मोफत संचात पीडीएफटूपीपीएम (pdftoppm) नावाची, टाइप करून चालवायची आज्ञा (कमांड) आहे. तिला डीपीआयचा आकडा, चित्राचा प्रकार, मूळ फाइल आणि नव्या फाइलींच्या नावाचा आरंभ एवढे सांगितले की ती सगळी पाने ओळीने काढून ठेवते. ती पानांच्या संख्येनुसार क्रमांकाआधी शून्येही लावते, म्हणजे शंभरांवर पाने असली की पहिल्या पानाला ००१ मिळते. ही शून्ये नसतील तर अनेक प्रोग्रॅम १ नंतर १० आणि मग २ असा क्रम लावतात आणि छपाईला गेलेले पुस्तक उलटसुलट होते. काहीजण याच कामासाठी इमेजमॅजिक वापरतात. त्यात डेन्सिटीचा, म्हणजे डीपीआयचा, आकडा मूळ पीडीएफच्या नावाआधी लिहावा लागतो, नंतर लिहिला तर पान ७२ डीपीआयनेच उतरते. त्याच्या पीएनजीची पार्श्वभूमी कधी पारदर्शक येते आणि तिचे पुढे जेपेग केले की पान काळे पडते. तेव्हा पारदर्शकता काढून मागे पांढरा रंग भरून घ्यावा.

ऑनलाइन संकेतस्थळे हे काम क्षणात करून देतात. लग्नपत्रिकेसाठी ती वापरावीत, हरकत नाही. सातबारा, आधार, बँकेचे पासबुक, वैद्यकीय अहवाल मात्र परक्या सर्व्हरवर चढवू नयेत.

स्कॅन केलेल्या पानांचे तंत्र वेगळे

पीडीएफ मुळात स्कॅन असेल तर पान पुन्हा ३०० डीपीआयने काढण्यात एक सूक्ष्म तोटा आहे. समजा, आतला फोटो २०० डीपीआयचा आहे. प्रोग्रॅम त्याचे पिक्सेल ताणून ३०० च्या जाळीत बसवतो, त्यामुळे फाइल मोठी होते आणि अक्षर किंचित मऊ पडते. अशा वेळी पान रूपांतरित करण्याऐवजी आतले चित्र जसेच्या तसे बाहेर काढावे. पॉपलरमधील पीडीएफइमेजेस (pdfimages) ही आज्ञा हे काम करते. तिच्याकडून आधी यादी मागवली तर प्रत्येक पानातील चित्राचे पिक्सेल आणि पीपीआय कळतात, आणि मग मूळ प्रकारातच ती चित्रे काढून घेता येतात. ॲक्रोबॅटच्या विकतच्या आवृत्तीतही आतील सर्व चित्रे काढण्याचा स्वतंत्र पर्याय आहे.

कागद हाताशी असेल तर जुन्या वाईट स्कॅनशी झटापट करण्यापेक्षा नवा स्कॅन घ्यावा. धुळ्यात इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांच्या नावाचे संशोधन मंडळ आहे आणि मोडी कागदपत्रे वाचणारे अभ्यासक खानदेशात आजही आहेत. अशा कागदासाठी काळा-पांढरा स्कॅन कधीही घेऊ नये. बोरूची पुसट झालेली रेघ आणि कागदावरचा डाग यांतला फरक फक्त रंगातच उरलेला असतो. रंगीत, निदान ४०० डीपीआय आणि टिफ, हे तीन नियम तिथे पाळावेत. वर्तमानपत्रातील छायाचित्र स्कॅन करताना जाळीदार लाटा उमटल्या तर स्कॅनरमधील डीस्क्रीनचा पर्याय चालू करावा.

फॉन्टचा घोळ

मराठी पीडीएफमध्ये चित्र करण्याआधी फॉन्ट तपासणे अगत्याचे आहे. रीडरमध्ये फाइलच्या प्रॉपर्टीजमधील फॉन्ट्स या भागात प्रत्येक फॉन्टपुढे एम्बेडेड (फाइलच्या आत घातलेला) असे लिहिलेले दिसले पाहिजे. तसे नसेल तर आपल्या संगणकावर तो फॉन्ट नसताना त्याच्या जागी दुसरा बसतो. श्रीलिपी, कृतिदेव यांसारख्या जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये मराठी अक्षरांच्या मागे प्रत्यक्षात रोमन अक्षरांचे संकेत असतात. फॉन्ट हरवला की पानावर इंग्रजी अक्षरांचा अर्थहीन चिवडा उमटतो. युनिकोड फॉन्टच्या बाबतीत जोडाक्षरे सुटतात आणि वेलांटी भलत्या अक्षरापाशी जाऊन बसते.

यावर आपल्या बाजूने उपाय नाही. ज्याने फाइल बनवली त्यालाच फॉन्ट आत घालून किंवा अक्षरांचे कर्व्ह (फॉन्ट न लागणाऱ्या रेषाकृती) करून पीडीएफ पुन्हा मागावी. एकदा का नीट पानाचे चित्र झाले की मग चिंता उरत नाही, कारण चित्राला फॉन्ट लागत नाही. छपाईसाठी अहिराणी मजकूर पाठवणाऱ्या लेखकांनी हा मार्ग जरूर वापरावा : लेखाची फाइल पाठवावी, आणि सोबत प्रत्येक पानाचे चित्रही पाठवावे, म्हणजे अक्षरजुळणी करणाऱ्याला शंका आली तर पडताळून पाहता येते.

छापखान्याची पीडीएफ

छपाईसाठी बनवलेल्या फाइलमध्ये रंग सीएमवायके (छपाईच्या चार शायांच्या) पद्धतीचे असतात आणि पडदा ते आरजीबी (लाल, हिरव्या, निळ्या प्रकाशाच्या) पद्धतीने दाखवतो. रूपांतर करताना रंगपद्धती आरजीबी निवडली नाही तर काही मोबाइलवर पत्रिकेतील कुंकवाचा लाल भडक गुलाबी दिसतो. शिवाय अशा पानांच्या कडेला कटिंगच्या खुणा आणि कापून टाकायचा जास्तीचा भाग असतो. पीडीएफटूपीपीएम डीफॉल्ट म्हणून पूर्ण कागदाचे माप धरते. तिला क्रॉप बॉक्स, म्हणजे पानाचा दाखवायचा भाग ठरवणारी चौकट, वापरण्यास सांगावे, आणि फाइलमध्ये तो नीट बसवलेला नसेल तर चित्र झाल्यावर खुणांच्या आतून कापून घ्यावे. चार पानांची घडीची पत्रिका एकाच आडव्या कागदावर मांडलेली असेल तर चित्रे वेगळी करून योग्य क्रमाने लावावीत. नाहीतर शेवटच्या पानावरची प्रेषकांची यादी आधी आणि नवरा-नवरीची नावे मागून, असे होते.

सातबारा आणि सहीचे कागद

डिजिटल स्वाक्षरी असलेला सातबारा किंवा आठ-अ चित्रात बदलला की त्यावरची स्वाक्षरी तपासता येत नाही. हिरवी खूण चित्रात दिसते, पण ती केवळ शाई असते. स्वाक्षरीचा पुरावा पीडीएफच्या आतच राहतो. म्हणून बँकेला किंवा कार्यालयाला मूळ पीडीएफ द्यावी, आणि चित्र फक्त माहितीसाठी किंवा जिथे चित्रच मागितले आहे तिथे वापरावे. या कागदात क्षेत्र हेक्टर, आर आणि चौरस मीटर असे टिंब देऊन लिहिलेले असते. ०.८०.०० मधले टिंब धूसर झाले, किंवा बारीक अक्षरात १ आणि ९ सारखे दिसू लागले, तर केळीच्या पीकविम्याच्या अर्जात भलताच आकडा जाऊ शकतो. इथे ३०० हून खाली उतरू नये आणि जेपेगचा मोह टाळावा.

आधारचे चित्र द्यायचे असेल तर शेवटचे चारच अंक दाखवणारे मास्क्ड आधार उतरवून घ्यावे. पीडीएफवर काळी पट्टी ओढून लपवलेला मजकूर पुष्कळदा पट्टीखाली शाबूत असतो आणि पट्टी बाजूला करून वाचता येतो. पान चित्रात बदलल्यावर पट्टीखालचा मजकूर खरोखर नाहीसा होतो, मात्र पट्टी पूर्ण अपारदर्शक असली पाहिजे.

केबीची मर्यादा आणि व्हॉट्सॲप

ऑनलाइन अर्जांत आकाराची अट असते. उदाहरणार्थ, आयबीपीएसच्या बँक भरतीत छायाचित्र २० ते ५० केबी आणि स्वाक्षरी १० ते २० केबी मागितली जाते. अशा वेळी मूळ ३०० डीपीआयचे पीएनजी बाजूला जपून ठेवावे आणि त्याच्यापासून लहान प्रत काढावी. मजकुराचे पान असेल तर आधी रंग काढून करड्या छटा कराव्यात, मग लांबी-रुंदी कमी करावी आणि शेवटी जेपेगची क्वालिटी ८० च्या आसपास आणावी. क्वालिटी ३० वर नेऊन आकार गाठण्यापेक्षा पिक्सेल कमी करणे बरे, कारण लहान पण स्वच्छ अक्षर वाचता येते, मोठे पण मळके अक्षर वाचता येत नाही. गिम्पमध्ये एक्स्पोर्टच्या खिडकीत पूर्वदृश्य चालू केले की क्वालिटी सरकवताना फाइलचा आकार तिथेच दिसतो. आणखी लहान हवे असेल तर दर वेळी मूळ पीएनजीकडे परत जावे. जेपेगचेच पुन्हा जेपेग केले की प्रत्येक खेपेस मळ वाढतो.

व्हॉट्सॲपवर चित्र फोटो म्हणून पाठवले की ते दाबून लहान केले जाते. डॉक्युमेंट म्हणून पाठवले तर मूळ फाइल जशीच्या तशी पोचते. घरच्या ग्रुपवर पत्रिका फोटो म्हणूनच टाकावी, कारण वडीलधाऱ्यांना ती न उघडता दिसली पाहिजे. छापायला किंवा फ्लेक्सला द्यायची प्रत मात्र डॉक्युमेंट म्हणूनच जावी.

पाठवण्यापूर्वी

चित्र १०० टक्क्यांवर उघडून सर्वांत बारीक अक्षरांची ओळ, रफार आणि अनुस्वार एकत्र आलेला एखादा शब्द आणि तक्त्याची सर्वांत बारीक रेघ एवढे पाहावे. पानांची संख्या मूळ पीडीएफशी जुळवावी, आडवी पाने सरळ झाली आहेत ना ते पाहावे. काम सायबर कॅफेत किंवा सेवा केंद्रात केले असेल तर डाउनलोड्सच्या फोल्डरमधील पीडीएफ आणि चित्रे दोन्ही पुसावीत, रीसायकल बिन रिकामा करावा आणि व्हॉट्सॲप वेबमधून लॉगआउट करून, मोबाइलमधील लिंक्ड डिव्हाइसेसच्या यादीत त्या संगणकाचे नाव उरले नाही, हे पाहूनच उठावे.